दूरचित्रवाणीवरील पाककला स्पर्धा: बदलते साचे आणि धाराशिवची चूल

प्रश्नाचे स्वरूप

दूरचित्रवाणीवरील पाककला स्पर्धेचा फॉरमॅट बदलला की चर्चा ठरलेल्या वाटेने जाते. कुणाला आधीचेच बरे वाटते, कुणाला त्याच त्या गोष्टींचा कंटाळा आलेला असतो. परीक्षक कोण, सूत्रसंचालक कोण, स्पर्धक घरगुती की नामवंत, यावर हिरिरीने मते मांडली जातात आणि नवे पर्व आले की विषय मागे पडतो. या गडबडीत मूळ मुद्दा सुटून जातो. वेळ किती द्यायचा, सामान कुणी पुरवायचे, गुण कशाला द्यायचे आणि दारातून आत कुणाला घ्यायचे, हे सगळे साचा ठरवतो. म्हणजे चांगला स्वयंपाक कशाला म्हणायचे, हेही शेवटी तोच ठरवतो.

हा आढावा धाराशिव जिल्ह्यात उभे राहून घेतला आहे. आठ तालुक्यांचा हा कोरडवाहू जिल्हा. इथल्या रोजच्या ताटात ज्वारीची भाकरी, काळे तिखट, शेंगदाण्याची चटणी, येसराची आमटी, हुलग्याचे माडगे. एकीकडे सोलापूर, दुसरीकडे लातूर-बीड आणि दक्षिणेला उमरग्यापलीकडे कर्नाटक, अशा तिन्ही बाजूंच्या चवी इथे मिसळल्या आहेत. मोठ्या वाहिनीच्या स्पर्धेत हा स्वयंपाक फारसा दिसत नाही. हा दोष कुणा एकाचा म्हणता येणार नाही. साचे कसे बदलत गेले ते पाहिले तर कारण बरेचसे उलगडते.

पार्श्वभूमी: कृती, पाहुणचार, कसोटी

मराठी घरात लिखित पाककृती आधी पुस्तकातून आली. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया’ विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातले. कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ १९७० चे. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले आणि ‘सुंदर माझं घर’सारख्या महिलांच्या कार्यक्रमांतून घरकामाचे विषय पडद्यावर आले. १९९३ मध्ये झी टीव्हीवर संजीव कपूर यांचा ‘खाना खजाना’ सुरू झाला आणि देशभरात पोहोचला. या टप्प्यात करून दाखवणारा जाणकार आणि पाहणारा शिकणारा, असे साधे नाते होते. हार-जीत नव्हती. पाहणाऱ्या बाईच्या हाती वही-पेन असे.

दुसरा टप्पा पाहुणचाराचा. २००७ मध्ये झी मराठीवर ‘आम्ही सारे खवय्ये’ आला. प्रशांत दामले यांच्या गप्पांच्या ओघात घरगुती सुगरणी आपला पदार्थ करून दाखवू लागल्या. ई टीव्ही मराठीवर विष्णू मनोहर यांच्या ‘मेजवानी’ने असाच प्रेक्षक जोडला. शिकवणारा आता व्यावसायिक बल्लवाचार्यच हवा असे राहिले नाही. गावोगावच्या बायकांना पहिल्यांदा वाटले की आपणही तिथे उभ्या राहू शकतो. मराठी वाहिन्यांवर हा बाज पुढेही दीर्घकाळ टिकून राहिला.

तिसरा टप्पा कसोटीचा, आणि तो बाहेरून आला. ‘मास्टरशेफ’ हा कार्यक्रम १९९० मध्ये ब्रिटनच्या बीबीसीवर सुरू झाला. जपानमध्ये १९९३ मध्ये ‘आयर्न शेफ’ने स्वयंपाकाला आखाड्याचे रूप दिले. बीबीसीने २००५ मध्ये ‘मास्टरशेफ’ नव्याने बांधला. २००९ मध्ये ऑस्ट्रेलियाने त्यात स्पर्धकांचा मोठा ताफा, जवळजवळ रोजचे भाग, बाद होण्याची टांगती तलवार आणि स्पर्धकांच्या घरादाराच्या कहाण्या यांची भर घातली. भारतात ऑक्टोबर २०१० मध्ये स्टार प्लसवर जो ‘मास्टरशेफ इंडिया’ आला, तो या वळणाचा. पहिल्या पर्वात अक्षय कुमार, अजय चोप्रा आणि कुणाल कपूर परीक्षक होते. लखनौच्या शिक्षिका पंकज भदौरिया ते पर्व जिंकल्या आणि स्वयंपाक हाच त्यांचा पूर्णवेळचा व्यवसाय झाला. घरात रांधणाऱ्या बाईच्या कौशल्याला पदवी, पैसा आणि प्रतिष्ठा मिळू शकते, हे देशाने या कार्यक्रमात पाहिले. आज या साच्यावर कितीही टीका होत असली तरी त्याचे हे श्रेय नाकारता येत नाही.

गेल्या दशकातले मुख्य बदल

पहिला ठळक बदल २०१५ च्या चौथ्या पर्वात झाला. ते संपूर्ण पर्व शाकाहारी ठेवले गेले. देशातल्या असंख्य शाकाहारी घरांना त्यामुळे दार उघडले, असे समर्थक म्हणाले. मासे आणि मटण वगळून भारतीय स्वयंपाकाची परीक्षा पुरी होत नाही, असे विरोधक म्हणाले. पुढच्या पर्वांत मांसाहार परत आला, पण वाद मिटला नाही. २०२३ च्या सातव्या पर्वात एका शाकाहारी स्पर्धकाला माशाऐवजी पनीर देण्यावरून पक्षपाताची ओरड झाली. सर्वांना एकच घटक द्यायचा, की ज्याच्या त्याच्या आचारधर्माला जागा ठेवायची? तेव्हा दोन्ही बाजूंना ‘न्याय’ हाच शब्द वापरावा लागला.

दुसरा बदल भूगोलाचा. २०२० मध्ये संपलेले सहावे पर्व ओडिशाच्या अबिनास नायक यांनी जिंकले, सातवे आसामच्या नयनज्योती सैकिया यांनी. सातव्याच्या अंतिम तिघांत आसामचे दोघे होते आणि तिसऱ्या महाराष्ट्राच्या सुवर्णा बागुल. परीक्षकही आता स्थानिक घटक, आजीची पद्धत, विस्मृतीत गेलेले धान्य यांबद्दल आवर्जून विचारू लागले. महानगराबाहेरच्या स्वयंपाकाला मोल आले, हे या बदलाचे फलित.

तिसरा बदल माध्यमाचा. कार्यक्रम स्टार प्लसवरून सोनीकडे गेला आणि ऑक्टोबर २०२३ मधले आठवे पर्व थेट सोनी लिव्ह या ॲपवर आले. ज्या घरात एकच टीव्ही आणि तोही मोफत डिशवर चालतो, त्या घरातून ते पर्व नजरेआड झाले. त्याच काळात मोबाईलवर मात्र उलटी वाट रुंद होत होती. मधुरा बाचल यांची ‘मधुराज रेसिपी’, अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सुमन धामणे यांची ‘आपली आजी’, ‘गावरान एक खरी चव’ अशा यूट्यूब वाहिन्यांनी निवडचाचणी, परीक्षक किंवा घड्याळ यांच्याशिवाय लाखोंचा प्रेक्षक मिळवला.

चौथा आणि सध्या सर्वाधिक चर्चेतला बदल म्हणजे नामवंतांचे आगमन. तामिळमध्ये स्टार विजयवर २०१९ मध्ये ‘कुकू विथ कोमाली’ने स्वयंपाक आणि विनोद यांची सांगड घातली. मराठीत डिसेंबर २०२१ मध्ये झी मराठीने ‘किचन कल्लाकार’ आणला; संकर्षण कऱ्हाडे सूत्रसंचालक, प्रशांत दामले ‘महाराज’ आणि ओट्यापुढे कलाकार. २०२४ मध्ये कलर्सवर ‘लाफ्टर शेफ्स’ आला, २०२५ च्या सुरुवातीला सोनीवर ‘सेलिब्रिटी मास्टरशेफ’. त्यात उषा नाडकर्णी, अभिजीत सावंत असे मराठी चेहरे होते आणि विजेता ठरला अभिनेता गौरव खन्ना. एप्रिल २०२५ मध्ये स्टार प्रवाहवर अमेय वाघ यांच्या सूत्रसंचालनात ‘शिट्टी वाजली रे’ सुरू झाला. शिकवण, पाहुणचार, कसोटी या तिघांनंतरचा हा खेळाचा टप्पा म्हणता येईल.

धाराशिवच्या चुलीपाशी हे साचे कसे दिसतात

इथे एका ताटाकडे जवळून पाहू. मार्गशीर्षातल्या वेळा अमावस्येला, म्हणजे आपल्या येळवशीला, धाराशिव आणि लातूर जिल्ह्यांत शेते माणसांनी फुलतात. प्रशासन त्या दिवशी स्थानिक सुट्टी देते. त्या दिवसाचे मुख्य पदार्थ भज्जी, आंबील, सजगुऱ्याचे उंडे, गव्हाची खीर. भज्जीत ओला हरभरा, तूर, वाटाणा, शेंगदाणे आणि हाताला येतील त्या पालेभाज्या पडतात. चिंचेचा आंबटपणा आणि डाळीच्या पिठाचा दाटपणा असतो. ज्वारीचे पीठ आदल्या दिवशीच ताकात कालवून ठेवावे लागते, तेव्हा कुठे आंबिलीला ती आंबूस चव येते. घरातल्या तीन-चार बाया रात्रीपासून राबतात. कुणी निवडते, कुणी वाटते, कुणी उंडे वळते. टोपली डोक्यावर घेऊन शेतात जायचे, कडब्याच्या कोपीत पूजा करायची आणि वाटेने जाणाऱ्यालाही जेवायला बसवायचे.

हे ताट साठ मिनिटांच्या फेरीत बसत नाही. आंबवण्याला रात्र लागते. करणारे हात एकाचे नसतात. वाढप परातीतून होते, पांढऱ्या प्लेटच्या मध्यावर ठिपका काढून नव्हे. हे एका सणापुरतेही नाही. काळे तिखट उन्हाळ्यात एकदा भाजून-कुटून वर्षाचे भरतात. येसराचे धान्य आणि मसाले आधीच भाजून दळलेले असतात. सांडगे, पापड, वाळवणे हीदेखील उन्हातली कामे. दुष्काळी प्रदेशात बाईची हुशारी सर्वांत आधी डब्यांत आणि मडक्यांत दिसते, कारण भाजी नसलेल्या दिवशी तीच उपयोगी पडते. स्पर्धेचे आयोजक मात्र सर्वांना सारखी, भरलेली पँट्री देतात. समानतेसाठी हे योग्यच आहे. पण त्यामुळे इथल्या स्वयंपाकाचा सर्वांत कठीण भाग घंटा वाजण्याआधीच संपलेला असतो आणि त्याला गुण नसतात.

मांसाहाराचा मुद्दाही इथे अधिक टोकदार होतो. काळ्या रंगाची उस्मानाबादी शेळी ही या भागाची मान्यताप्राप्त जात आणि कमी जमिनीच्या कुटुंबांचा आधार. काळ्या तिखटातले मटण आणि भाकरी हे इथले पाहुणचाराचे जेवण. पूर्ण शाकाहारी पर्वात ते आपोआप बाद होते. दुसरीकडे, भूम तालुक्यातल्या कुंथलगिरीच्या खव्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. साधारण पाच लिटर दूध सतत हलवत आटवावे तेव्हा किलोभर खवा हाती येतो. त्याचे पेढे-गुलाबजाम कोणत्याही स्पर्धेत मांडता येतील, पण भट्टीवर जळणारे तास आणि दुखणारे खांदे त्या मांडणीत दिसणार नाहीत.

चार भूमिका

या प्रश्नावर आज चार भूमिका दिसतात.

पहिली बदलाच्या बाजूची. दूरचित्रवाणी हा व्यवसाय आहे, प्रेक्षक टिकला तरच कार्यक्रम टिकतो. रडारड, पार्श्वसंगीत आणि बाद होण्याच्या क्षणांवर चाललेला साचा जुना झाला होता. विनोदी आणि नामवंतांच्या कार्यक्रमांनी घरातली पुरुष मंडळी आणि तरुण मुले स्वयंपाकाच्या कार्यक्रमापुढे आणून बसवली. एखादा ओळखीचा नट भाकरी थापताना फजीत होतो, तेव्हा ते काम किती अवघड आहे हे प्रेक्षकाला उमगते, असाही या बाजूचा दावा आहे आणि तो सहज उडवून लावण्याजोगा नाही.

दुसरी भूमिका कसोटीचा आग्रह धरणारी. तिच्या मते स्पर्धेला अर्थ आहे तो अनोळखी, सामान्य स्पर्धकामुळे. ज्याला आधीच नाव आहे त्याला आणखी एक मंच मिळाला तर समाजात काही बदलत नाही. शिक्षिकेला, गृहिणीला, शेतकऱ्याच्या मुलाला मिळाला तर आयुष्य पालटते. घड्याळ, समान सामान आणि पदार्थ कुणाचा हे न सांगता केलेली चव-चाचणी ही या भूमिकेच्या दृष्टीने न्यायाची साधने आहेत. आंबवायला रात्र हवी म्हणून एकाला सवलत दिली, तर दुसऱ्याला का नाही, असा तिचा रास्त सवाल आहे.

तिसरी भूमिका प्रादेशिक स्वयंपाकाची. ती स्पर्धेला विरोध करत नाही, मापे कुणाची असे विचारते. प्लेटवरची सजावट, पाच-सात घटकांची रचना, परदेशी पद्धतींची नावे ही हॉटेलच्या स्वयंपाकघरातून आलेली मापे आहेत. आसाम आणि ओडिशाच्या विजयांनी ती थोडी सैल झाली, तरी तिथेही ओळखीचा स्थानिक पदार्थ नव्या रूपात मांडणे हीच अपेक्षा राहिली. माडगे माडग्यासारखेच उत्तम केले, तर त्याला पैकीच्या पैकी गुण मिळतील का, हा या बाजूचा प्रश्न.

चौथी भूमिका शिकणाऱ्या प्रेक्षकाची. तिला स्पर्धेत फारसा रस नाही. प्रमाण किती, आच कशी, चुकले तर दुरुस्ती कशी, हे तिला हवे असते. स्पर्धेच्या साच्यात नेमके हेच कापले जाते. हा प्रेक्षक मोठ्या प्रमाणात यूट्यूबकडे वळला आणि वाहिन्यांनी नामवंतांचा रस्ता धरला, त्यामागे हेही एक कारण असावे.

या चौघींत उघड वैर नाही. पहिली प्रेक्षकसंख्येचा विचार करते, दुसरी न्यायाचा, तिसरी मापांचा आणि चौथी उपयोगाचा. वाद तापतो तो बहुधा एकीच्या प्रश्नाला दुसरीचे उत्तर दिले जाते म्हणून.

जिल्ह्यातल्या स्पर्धा

टीव्हीचा साचा खाली झिरपतो, म्हणून जिल्ह्यातल्या स्पर्धांचाही विचार या आढाव्यात हवा. कृषी विभागाचे रानभाजी महोत्सव, ‘उमेद’ अभियानातल्या बचत गटांचे मेळावे, शालेय पोषण आहारातल्या स्वयंपाकी आणि मदतनीस यांच्या पाककृती स्पर्धा अशा निमित्तांनी ग्रामीण भागात पाककला स्पर्धा होत असतात. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे आंतरराष्ट्रीय तृणधान्य वर्ष म्हणून साजरे केले, तेव्हा ज्वारी-बाजरीच्या पदार्थांच्या स्पर्धांना बराच जोर आला.

या स्पर्धांची मोठी जमेची बाजू म्हणजे दार उघडे असते. मराठीत बोलता येते, प्रवासखर्च नसतो, पदार्थ घरून करून आणता येतो. म्हणजे आंबवलेले, वाळवलेले, संथ आचेवर शिजलेले सगळे टेबलावर येऊ शकते. गुणपत्रिकेत चवीबरोबर पौष्टिकता आणि स्थानिक घटक यांनाही जागा दिली जाते. मुंबईच्या स्टुडिओला जे साधत नाही, ते इथे सहज साधते.

मर्यादाही आहेत. टेबलावर काकडीची फुले, टोमॅटोचे गुलाब आणि रंगीत रांगोळी यांची चढाओढ लागते, कारण सर्वांनी टीव्ही पाहिलेला असतो. ज्वारीचा पिझ्झा आणि नाचणीचा केक बक्षीस घेऊन जातात. साधी कण्यांची आंबील बाजूला राहते. परीक्षकांना डझनावारी पदार्थ तासाभरात चाखायचे असतात, तेव्हा डोळ्यांना भावणारे पुढे जाते. विजेतीच्या हाती प्रमाणपत्र येते, पण तिची कृती लिहून ठेवण्याची सोय क्वचितच होते.

न सुटलेले प्रश्न

पहिला प्रश्न वेळेचा. घड्याळ काढले तर स्पर्धेचा कस जातो, ठेवले तर संथ स्वयंपाक बाहेर राहतो. स्पर्धकाने घरचा एक मसाला किंवा एक आंबवण सोबत आणावे आणि त्यालाही गुण असावेत, असा मधला मार्ग निघू शकतो. पण ते तिनेच केले याची खात्री कशी करायची, हे ठरलेले नाही.

दुसरा प्रश्न एकट्या स्पर्धकाचा. इथला सणाचा स्वयंपाक सासू, सून, जाऊ, शेजारीण असे मिळून करतात. एकाच नावाने बक्षीस देणारा साचा हा सामूहिक हात ओळखत नाही. जोडी किंवा गट घेतला तर टीव्हीला हवी असलेली एका व्यक्तीची चढती कहाणी हरवते.

तिसरा प्रश्न भाषेचा आणि अंतराचा. राष्ट्रीय स्पर्धेची भाषा हिंदी, निवडचाचण्यांची शहरे मोठी. उमरगा किंवा परंड्याच्या बाईला पुणे-मुंबई गाठायची तर गुरे, रान आणि मुले कुणावर सोपवायची, हा पदार्थापेक्षा मोठा पेच असतो.

चौथा प्रश्न स्पर्धेनंतरचा. थोडे विजेते पुस्तके लिहितात, उपाहारगृहे काढतात. बाकीच्यांचे काय? मुंबईच्या ‘महालक्ष्मी सरस’सारख्या प्रदर्शनांत बचत गटांची काळी तिखटे, चटण्या, पापड विकले जातात. ती बाजारपेठ आणि स्पर्धेचा मंच यांची सांगड घालणारा साचा अजून उभा राहिलेला नाही.

निष्कर्ष

आढाव्यातून एवढे स्पष्ट होते की साचा बदलणे यात वावगे काही नाही. प्रत्येक बदलाने कुणाला तरी आत घेतले. पाहुणचाराने गावची सुगरण पडद्यावर आणली, कसोटीने तिला प्रतिष्ठा दिली, प्रादेशिक वळणाने लांबची राज्ये नकाशावर आली आणि खेळाने नवा प्रेक्षक जोडला. त्याचबरोबर प्रत्येक बदलाने कुणाला तरी बाहेरही ठेवले. वर्षभराची साठवण, रात्रभराचे आंबवण आणि चार हातांचे काम यांना मात्र मोठ्या साच्यांत अद्याप फारशी जागा मिळालेली नाही.

वाहिन्यांनी ही जागा करावी, ही अपेक्षा गैर नाही, पण तिची वाट पाहत बसण्याचे कारणही नाही. धाराशिवमधल्या स्पर्धांचे नियम इथलीच माणसे ठरवतात. तालुक्यात पाककला स्पर्धा भरवणाऱ्या प्रत्येक आयोजकाला म्हणूनच एक विनंती: पुढच्या स्पर्धेच्या गुणपत्रिकेत सजावटीचे गुण कमी करा; साठवण, आंबवण आणि धान्याची ओळख यांना स्वतंत्र गुण ठेवा; जोड्यांना आणि गटांना नावे नोंदवू द्या; आणि प्रत्येक पदार्थाची कृती करणारीच्या नावासह लिहून जपा. त्याला मोठा खर्च लागत नाही, गुणपत्रिका नव्याने आखावी लागते.